पायरीवर नेऊन बघा

गुलमंडीच्या बाजारात आमचं मॅचिंग सेंटर आहे. नाव मोठं, दुकान एवढंसं. साडीला मिळता फॉल, ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, बस्स. घाईत चालत आलात तर चुकून शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिराल. पण आमच्या पायरीवर बायांची दाटी कायम असायची, कारण आमच्याकडचा फॉल साडीला लावला की दिसतच नाही अशी ख्याती होती. आणि ती ख्याती माझ्या डोळ्यांची होती. फुशारकी मारते म्हणाल, तर मारते. बारा वर्षं गादीवर बसले, पण एक बाई फॉल बदलून मागायला आली नव्हती.

माझं माहेर कन्नड गावचं, शेतकऱ्याघरचं. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच सासूबाईंनी माझी परीक्षा घेतली. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी लाल फॉलचं खोकं माझ्यापुढं उपडं केलं आणि म्हणाल्या, "यातला डाळिंबी काढ. आमच्या गुलमंडीत लाल म्हणून काही नसतं. डाळिंबी असतो, कुंकवी असतो, विटकरी असतो. कन्नडच्या पोरीला जमतंय का बघू."

मी एका दमात डाळिंबी काढून दिला आणि वर म्हटलं, "आमच्या रानात डाळिंबं झाडाला लागतात आत्याबाई, खोक्यात नाही."

नव्या नवरीची जीभ एवढी लांब! ननंद तेव्हा शाळकरी पोर, तोंडावर हात ठेवून हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो फॉल उचलला, दुकानाच्या पायरीवर नेला, उन्हात धरून डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, परत जवळ आणला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." त्यांचा नियमच होता तो. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी "पायरीवर नेऊन बघा" असं सांगायचंच. त्या दिवसापासून गादी माझी झाली.

आत्याबाईंनी गादी एवढ्या सहज का सोडली, हे मला पुढं कळलं. त्यांना साखर होती. साखरेनं डोळ्याच्या पडद्याला धरलं होतं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या आणि पडद्यावर डाग पडले. दोन्ही डोळ्यांना लेझर झालं, सुया झाल्या, पण उशिरा. मी आले तेव्हा त्यांना माणसं दिसायची, पायऱ्या दिसायच्या, पण डाळिंबी आणि विटकरी यांतला फरक गेला होता. माझ्या परीक्षेच्या दिवशी त्यांनी पायरीवर जे जवळ-लांब केलं ते निव्वळ नाटक होतं. बाईनं न बघताच मला पास केलं होतं!

आता मुद्द्याचं सांगते. एका होळीच्या सुमाराला माझ्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. माहेरी गेले तेव्हा आईनं हात लावून बघितलं आणि कन्नडच्या डॉक्टरांकडं ओढत नेलं. सुई घालून तपासणी झाली आणि निघाला गाठीचा टीबी.

डॉक्टर म्हणाले, "हा छातीचा नाही, कुणाला लागत नाही. गोळ्या नेमानं घ्या, सहा-सात महिन्यांत मोकळ्या व्हाल." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, लघवी लाल-नारिंगी होईल तर घाबरू नका म्हणाले, आणि शेवटी असंही म्हणाले, "डोळ्यांत काही फरक वाटला तर त्याच दिवशी या." मी मान डोलवली. डोळ्यांत फरक म्हणजे डोळे येणं, लाल होणं, चिपडं धरणं, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. खरं सांगायचं तर माझं लक्ष डॉक्टरांकडं नव्हतंच. माझ्या डोक्यात ननंद होती.

ननंदेचं तेव्हा मुकुंदवाडीच्या एका स्थळाशी जुळत आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि आमची पोर त्याच्या फोनची वाट बघून बघून वाळून चालली होती. अशात भावजयीला टीबी आहे असं बाहेर पडलं तर? लोक गाठीचा आणि छातीचा असा फरक करत बसतात होय? मी आमच्या ह्यांना सांगितलं, हे हादरले, आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की लग्न होईपर्यंत घरात चकार शब्द काढायचा नाही. गोळ्या मी कॅल्शियमच्या डबीत भरल्या. विचारलंच कुणी तर रक्त कमी आहे म्हणायचं. महिन्याला आईला भेटायचं निमित्त करून एसटीनं कन्नडला जायचं, गोळ्या आणायच्या. सकाळी उठून उपाशीपोटी मूठभर गोळ्या गिळायच्या आणि वर चहा करायला घ्यायचा, जसं काही झालंच नाही. स्वतःच्या हुशारीवर मी लई खूश होते.

गाठ उतरायला लागली. भूक लागायला लागली. सगळं झकास चाललं होतं आणि वैशाखात, ऐन लग्नसराईत, एक ओळखीची बाई फणफणत पायरी चढली. तिनं साडी आणि फॉल माझ्यापुढं आपटले. "भाभी, ये क्या दिया तुमने? डाळिंबी साडी दी थी मैं. ये तो कत्थई है, कत्थई!"

आमच्या दुकानात असं कुणी कधी बोललं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पायरीवर नेऊन बघा." ती म्हणाली, "तुमीच चलो." दोघी पायरीवर आलो. उन्हात धरलं. तिची साडी आणि माझा फॉल, दोन्ही मला अगदी एकसारखे दिसत होते. मी छातीठोकपणे म्हटलं, "यात फरक दिसत असेल तर तुमच्या डोळ्यांना दाखवा कुणाला तरी." बघा, काय तोंड माझं! ती बाई हबकली. पुन्हा पुन्हा बघायला लागली. शेजारच्या बांगड्यावाल्यालाही तिनं बोलावलं, तो बिचारा माझ्याकडं बघून चुळबुळला आणि "ठीकच आहे की" म्हणून आत पळाला. ती गेली. मी जिंकले.

त्या महिन्यात अशा तीन बाया आल्या. मी रंगाच्या कंपनीला शिव्या दिल्या, शिंप्यांना दिल्या, उन्हाळ्याला दिल्या. मात्र एक गोष्ट मी करायला लागले होते आणि करतेय हे माझं मलाच कबूल नव्हतं. मी फॉल डोळ्यांनी शोधतच नव्हते. आमच्या भिंतीला फळ्या होत्या आणि रंगांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या. वरच्या फळीवर लाल, डावीकडून तिसरी चवड डाळिंबी. दुसऱ्या फळीवर हिरवे, पाचवी चवड शेवाळी. गिऱ्हाइकानं रंगाचं नाव घेतलं की माझं बोट फळीवर टकटक मोजत जायचं आणि बरोबर चवडीवर थांबायचं. नाव न घेता कुणी नुसतीच साडी पुढं टाकली, तरच घोटाळा व्हायचा. म्हणून मी आधी विचारायला लागले, "कोणता म्हणता तुम्ही हा?" गिऱ्हाइकांना वाटायचं, किती आदब आहे बाईला.

आत्याबाई दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सुपारी कातरायच्या. त्या काही बोलत नव्हत्या. एवढंच की माझं बोट फळीवर टकटक करायला लागलं की त्यांचा अडकित्ता थांबायचा. हे मला आता आठवतं, तेव्हा कुठलं लक्षात यायला!

ज्येष्ठात ननंदेचा साखरपुडा ठरला. आता माहेर सुटणार म्हणून पोरीला काय उमाळा आला कोण जाणे, तिनं एका दुपारी, मी कन्नडला गेलेली असताना, सगळं दुकान पुसून काढलं आणि फळ्या नव्यानं लावल्या. "वहिनी, बघ कसं छान दिसतंय! फिक्या रंगांपासून गडद रंगांपर्यंत लावलंय." मी म्हटलं, "छान."

दुसऱ्या दिवशी तिनं साखरपुड्याची साडी माझ्यापुढं ठेवली. हिरवी, लालसर काठांची, असं तिनंच सांगितलं. अंगभर बुट्टे. "हिचा फॉल तूच काढायचा. ब्लाऊजपीसही तूच. दुसऱ्या कुणाच्या हातचा नको मला." घरातली चार माणसं जमली होती. हे होते, आत्याबाई स्टुलावर होत्या. मी फळीकडं वळले. बोट उचललं आणि तिथंच थांबले. मोजायला काही उरलंच नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसते मातकट तपकिरी गठ्ठे. मी डोळे बारीक केले, मोठे केले. शेवटी अंदाजानं एक फॉल ओढला, झोकात साडीवर टाकला आणि म्हटलं, "हा घे. जावईबापू बघतच राहतील."

मग ननंद हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. "वहिनी, चॉकलेटी काय देतेस गं? खरा दे ना." मी दुसरा काढला. तेव्हा तिचं हसू मावळलं. हे म्हणाले, "अगं, हा मरून आहे." बारा वर्षांचा माझा तोरा त्या चार माणसांपुढं पार मातीत गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे मी खरंच घाबरले. डोळे गेले तर मी कोण? या घरात माझी किंमत ती काय? आत्याबाईंचं स्टूल मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

आत्याबाई उठल्या. अडकित्ता ठेवला. "चप्पल घाल," म्हणाल्या. "रिक्षा बोलाव रे."

"कुठं?" ह्यांनी विचारलं.

"माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडं. फळ्या मोजते ती, ऐकते मी रोज. मी पण दोन वर्षं मोजल्या होत्या."

रिक्षात मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं. साखर होती, पण डोळा दुखत नव्हता, खुपत नव्हता, मग दाखवायचं कशाला? रंग पुसट व्हायला लागले तेव्हा त्यांनी फळ्यांच्या जागा पाठ केल्या आणि कुणाला कळू दिलं नाही. "गादीचा मोह, दुसरं काय. तेव्हाच आले असते तर बराच डोळा वाचला असता म्हणाली डॉक्टरीण."

डॉक्टरीणबाई आत्याबाईंच्या चांगल्या ओळखीच्या, तोंडानं फटकळ. मला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, वरच्या चार ओळींनंतर माझी गाडी अडली. मग एक पुस्तक उघडलं, पानभर रंगीत ठिपके. "यात आकडा कोणता दिसतो?" मी म्हटलं, "कसला आकडा? ठिपके आहेत." त्यांनी पान उलटलं. परत ठिपके. मला वाटलं बाई माझी फिरकी घेतेय. सहा पानं झाली आणि त्यांचा चेहरा बदलला तेव्हा मला कळलं, ही थट्टा नाही. मग बाहुली मोठी करायचं औषध घातलं, अर्धा तास बसवलं आणि दिव्यानं आत बघितलं.

"पडदा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "साखर नाही, बीपी नाही. तरी दोन्ही डोळ्यांना लाल-हिरवा कळत नाही, आणि तेही एवढ्यात सुरू झालेलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "काही नाही. रक्त वाढायच्या."

"आणखी काही?"

"नाही."

"नीट आठवा. सांध्यांच्या, दम्याच्या, फिटच्या, कसल्याही. पोटात घेतलेली गोळी डोळ्यात काय करील सांगता येत नाही."

आता बघा, माझे डोळे जायला निघालेत, समोर डॉक्टर विचारतेय, आणि मी ननंदेच्या साखरपुड्याचा विचार करून परत "नाही" म्हणाले! याला काय म्हणावं? डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि डोक्याचा फोटो काढायची चिठ्ठी लिहायला घेतली.

"टीबीच्या गोळ्या घेते ती," आत्याबाई म्हणाल्या. "होळीपासून. कन्नडहून आणते."

मी गर्रकन त्यांच्याकडं वळले.

"रक्ताच्या गोळ्या कुणी पहाटे उपाशीपोटी, मूठमूठ घेतं व्हय? आणि रात्री नवरा-बायको काय कुजबुजता ते भिंतीपलीकडं ऐकू येतं. डोळे गेलेत माझे, कान नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग जे काही झापलं! त्या गोळ्यांत एक इथॅम्ब्युटॉल नावाची असते. क्वचित कुणाच्या डोळ्याच्या नसेवर ती उठते. पडदा जे बघतो ते ही नस मेंदूकडं पोचवते, आणि ती बिघडली की आधी लाल-हिरव्याचा फरक जातो, मग नजर धूसर होते. दुखत नाही. लाल होत नाही. वेळेत बंद केली तर बहुतेकांचं परत येतं. "बहुतेकांचं," त्या पुन्हा म्हणाल्या. "सगळ्यांचं नाही." तिथूनच त्यांनी कन्नडच्या डॉक्टरांना फोन लावला. ती एक गोळी त्याच दिवशी बंद, बाकीच्या चालू ठेवायच्या.

"एकीला साखर, एकीला टीबी, आणि दोघी येता डोळे संपल्यावर," त्या आम्हाला म्हणाल्या. "शरीरात कुठं काही झालं की ते आम्हाला डोळ्यात दिसतं. पण तुम्ही दाखवलं तर!"

"म्हणजे डोळा चुगलखोरच की," आत्याबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी मात्र भांडले. भर रस्त्यात. "तुम्हाला ठाऊक होतं, मग तीन महिने गप्प का बसलात?"

"तू सांगशील म्हणून. सासूनं चोरी पकडली असं नको होतं मला." थोडं चालून म्हणाल्या, "चुकलंच माझं." त्यांच्या तोंडून तो शब्द मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकला आणि मला रडूच कोसळलं. रिक्षावाला बिचारा मुकाट उभा.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला न विचारता मुकुंदवाडीला गेल्या आणि होणाऱ्या व्याहीणबाईंना सगळं सांगून आल्या. मी देव पाण्यात घालून बसले होते. परत आल्या त्या लाडवांचा डबा घेऊन. व्याहीणबाई म्हणाल्या होत्या, "अहो, आमच्या मोठ्याला झाला होता की! त्यानं पण चोरून गोळ्या खाल्ल्या." जिच्यासाठी मी डोळे पणाला लावले ती बातमी त्या घरात चहाबरोबर संपली.

मग सुरू झालं वाट बघणं. फळ्या परत जुन्या क्रमानं लावल्या. मी बोटानं मोजायची, आत्याबाई कापड चिमटीत धरून सूत ओळखायच्या, नेमका रंग ठरवायचा झाला तर बांगड्यावाल्याला हाक मारायची. एकीला बारीक दिसत नाही, दुसरीला रंग दिसत नाही, आणि पाटी मॅचिंग सेंटरची! गिऱ्हाइकांना आता खरं सांगायचो. काही बाया गेल्या, बऱ्याच स्वतःच फळीशी येऊन निवडायला लागल्या. ती भांडलेली बाई आली तेव्हा मी तिचे पाय धरायच्या बेतात होते, तर तीच म्हणाली, "रहने दो भाभी, मैं रातभर सोची मेरीच आँखा गयी."

रोज सकाळी दुकान उघडलं की माझी परीक्षा व्हायची. आत्याबाईंनी फॉलच्या दोन वीतभर पट्ट्या कापल्या होत्या, एक डाळिंबी आणि एक हिरवी. पायरीवर बसून त्या पट्ट्या पुढं धरायच्या, "डाळिंबी कोणती?" मी सांगायची. त्या म्हणायच्या "व्हय" नाहीतर "नाय". त्यांना स्वतःला तरी कुठं दिसत होतं? पण त्यांनी पट्ट्यांच्या टोकांना गाठी मारल्या होत्या, डाळिंबीला एक, हिरवीला दोन, आणि ती टोकं मुठीत ठेवायच्या.

आषाढ गेला. श्रावण गेला. "नाय," "नाय," "व्हय," "नाय." मी चिडायची, पट्ट्या फेकून द्यायची. त्या पायरीवर चाचपून त्या गोळा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. तक्त्यावरच्या ओळी हळूहळू वाढत होत्या, रंगांचं मात्र नाव नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या थांबा, आणि थांबणं म्हणजे माझ्या स्वभावाला काय ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी पट्ट्या धरल्या आणि उजवीकडची मला जरा गरम वाटली. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. मी म्हटलं, "ही." त्या म्हणाल्या, "व्हय." मी म्हटलं, नशीब. दुसऱ्या दिवशीही व्हय. तिसऱ्या दिवशी मला विचारावं लागलं नाही, त्यांनी मूठ पुढं केली आणि डाळिंबी झगझगीत डाळिंबी होती, माझ्या रानातली! मी एवढ्यांदा ओरडले की बांगड्यावाला धावत आला. दसऱ्यापर्यंत एकदाही चुकले नाही.

दसऱ्याच्या सकाळी आत्याबाई पायरीवर बसूनच म्हणाल्या, "सोड आता त्या गाठी. काम झालं त्यांचं." त्यांचा चेहरा एवढा खुलला होता की मीही हसत हसत तिन्ही गाठी सोडल्या, पट्ट्या सरळ केल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या उन्हात धरल्या. जवळ आणल्या. लांब नेल्या. माझ्या लग्नाच्या त्या पहिल्या आठवड्यात केलं होतं तसंच. पण या वेळी त्या नाटक करत नव्हत्या, त्या खरंच बघत होत्या.

"डाळिंबी कोणती गं?" त्यांनी विचारलं.

परीक्षा नव्हती ती. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. पट्ट्या परत घेतल्या, डाळिंबीला एक गाठ मारली, हिरवीला दोन, आणि त्यांच्या मुठीत ठेवल्या.